एक भाकर, एक प्याला : दक्षिण भारतातील ख्रिस्ती मंडळ्या आणि जातिभेद

१

इसवी सन ५५ च्या सुमारास पौलाने करिंथ येथील मंडळीस जे पत्र पाठविले, त्यात प्रभुभोजनाविषयी एक तीव्र तक्रार आहे. मंडळी एकत्र जमते खरी, परंतु काही जण आधीच पोटभर जेवून घेतात आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उपाशी राहतात, असा त्या तक्रारीचा आशय आहे. तत्कालीन रोमन जगात मेजवानीच्या प्रसंगी पाहुण्याच्या दर्जाप्रमाणे आसन व दर्जाप्रमाणे अन्न देण्याची रीत रूढ होती. करिंथकरांनी कोणतेही नवे पाखंड काढलेले नव्हते. आपल्या नगरात जसे जेवतात तसेच ते जेवत होते. तथापि पौलाच्या दृष्टीने तेवढ्यानेच ते भोजन प्रभूचे उरले नव्हते.

सभोवतालच्या संस्कृतीमुळे ख्रिस्ती श्रद्धेस व आचारास विकृती कशी येते, या प्रश्नाचे हे बहुधा सर्वांत जुने लेखी उदाहरण होय. त्यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही, की अशी विकृती सिद्धान्त बदलून येतेच असे नाही. सिद्धान्त जागच्या जागी राहतो आणि पंगत बदलते. दुसरी ही, की ज्यांच्या हातून ती घडते त्यांस ती विकृती वाटतच नाही. त्यांच्या लेखी तो साधा लोकाचार असतो.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार दक्षिण भारतातील व गोव्यातील मंडळ्यांच्या इतिहासाच्या आधारे केला आहे. सतराव्या शतकापासून येथील मंडळ्यांपुढे जातीचा प्रश्न वारंवार उभा राहिला, आणि प्रत्येक वेळी एकच युक्तिवाद पुढे आला : जात ही लौकिक व्यवस्था आहे, तिचा धर्माशी संबंध नाही. हा युक्तिवाद कोठून निघाला, त्याने काय साधले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू होय.

२

रॉबर्ट दे नोबिली हा इटालियन जेझुइट १६०५ साली गोव्यास उतरला आणि १६०६ साली मदुरेस पोहोचला. तेथे गोन्सालो फर्नांडिस हा पोर्तुगीज धर्मगुरू काही वर्षांपासून काम करीत होता. परंतु त्याच्या मंडळीत समुद्रकाठच्या परव जातीचे ख्रिस्ती लोकच प्रामुख्याने होते आणि स्थानिक उच्चवर्णीयांपैकी कोणीही त्याच्याकडे वळत नव्हते. ख्रिस्ती होणे म्हणजे 'परंगी' होणे, अर्थात गोमांस व मद्य सेवन करणाऱ्या परकीयांच्या जमातीत शिरणे, अशी लोकांची समजूत होती. नोबिलीने या समजुतीचे मूळ अचूक ओळखले. त्याने संन्याशाची वस्त्रे धारण केली, शाकाहार पत्करला, तमिळ भाषेवर प्रभुत्व मिळविले व एका ब्राह्मण पंडिताच्या साहाय्याने संस्कृताचे अध्ययन केले. नवख्रिस्त्यांस त्याने जानवे, शेंडी व चंदनाचा टिळा ठेवण्याची मुभा दिली. ही चिन्हे धर्माची नसून कुळाची व सामाजिक स्थानाची आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते.

या प्रतिपादनातील विधायक अंश नाकारता येणार नाही. ख्रिस्ती होण्यासाठी पोर्तुगीज होण्याची आवश्यकता नाही हे त्याने कृतीने दाखविले, आणि युरोपीय चालीरीती म्हणजेच ख्रिस्ती धर्म, या दुसऱ्या एका विकृतीवर आघात केला. परंतु त्याच युक्तिवादाच्या आश्रयाने आणखी एक गोष्ट आत आली. उच्चवर्णीयांचा विश्वास टिकावा म्हणून नोबिलीने आपले निवासस्थान व उपासनास्थान फर्नांडिसपासून अलग ठेवले. एका शहरात, एकाच संघातील दोन धर्मगुरूंच्या दोन मंडळ्या जातीच्या सीमेवर विभागल्या गेल्या.

हा वाद गोव्याहून रोमपर्यंत गेला. ३१ जानेवारी १६२३ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी दिलेल्या निर्णयात जानवे, शेंडी, चंदन व स्नानविधी यांस सशर्त अनुमती मिळाली. त्याच निर्णयपत्रात कुलीनतेचा अभिमान बाळगणाऱ्या नवख्रिस्त्यांस एक कळकळीची विनवणीही आहे : हीन कुळात जन्मलेल्यांचा, विशेषतः चर्चमध्ये, उपदेश ऐकताना व संस्कार ग्रहण करताना, तिरस्कार करू नये. अनुमती आचरणात आली. विनवणी कागदावर राहिली. १६४० पासून खालच्या मानलेल्या जातींसाठी 'पंडारस्वामी' या नावाने वेगळे मिशनरी नेमले जाऊ लागले. ते शैव पंडारांच्या वेषात वावरत, आणि संन्यासी-मिशनऱ्यांपेक्षा जातिबंधनांच्या बाबतीत अधिक मोकळे असत. म्हणजे जातीची श्रेणी आता केवळ श्रोत्यांत उरली नाही. ती उपदेशकांतही उतरली.

पुढे पोपचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या तूर्नों याने १७०४ साली पाँडिचेरी येथे जे आदेश काढले, त्यांत आजारी परैयर ख्रिस्त्यांच्या घरी जाऊन संस्कार देण्याचे टाळता येणार नाही, असे बजावले होते. दीर्घ वादानंतर १२ सप्टेंबर १७४४ रोजी पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी हे कर्तव्य कायम केले. परंतु मिशनऱ्यांनी त्यावर असा तोडगा सुचविला, की परैयरांसाठी स्वतंत्र धर्मगुरू नेमावेत. आणि तो मान्यही झाला. समतेचा आदेश पाळण्यासाठी विभक्ततेचाच उपाय योजावा लागला, ही या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट होय.

३

गोव्यातील परिस्थिती वेगळी होती, पण परिणाम फारसा वेगळा झाला नाही. तेथे राज्यसत्ता पोर्तुगीजांची होती. देवळे पाडली गेली, आणि १५६० साली स्थापन झालेल्या इन्क्विझिशनने जुन्या आचारांचा पाठपुरावा १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, चालविला. मदुरेत लोकाचारास मुभा होती, गोव्यात बंदी होती. तरीही बामण, चारडी व शूद्र हे भेद बाप्तिस्म्यानंतर तसेच राहिले. गावोगावच्या चर्चमधील 'कोन्फ्रारिया', म्हणजे धर्मबंधुसंघ, जातवार बनले. फेस्ताचा मान कोणाचा, मिरवणुकीत पुढे कोण चालणार, विशिष्ट रंगाचा झगा कोणी घालावा, यांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले. तुळशीचे रोप अंगणात दिसले तर चौकशी करणारी सत्ता चर्चच्या वेदीपाशी उभ्या असलेल्या जातीस हटकू शकली नाही, किंबहुना तिने ती हटकण्याचे मनावर घेतले नाही.

याचे एक कारण असे, की खुद्द राज्यकर्त्यांच्या धर्मसंस्थेतही जन्माची श्रेणी होती. युरोपीय धर्मसंघ देशी लोकांस प्रवेश नाकारीत. दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळात जन्मलेल्या मातेउश द कास्त्रो यांस गोव्यात धर्मगुरुपद मिळेना. ते रोमला गेले, तेथे त्यांस दीक्षा मिळाली आणि १६३७ साली ते बिशप झाले. पुढे देशी धर्मगुरूंची स्वतःची संस्था उभी राहिली. सतराव्या शतकाच्या अखेरीस ज्या ऑरेटोरियन संघाचे नेतृत्व जुझे वाज यांनी केले, त्याने श्रीलंकेत डच अमलाखाली छळ सोसणाऱ्या कॅथॉलिकांची अतुल सेवा केली. परंतु त्या संघात प्रवेश केवळ ब्राह्मण कुळातील ख्रिस्त्यांस होता; आणि चारडी कुळातील धर्मगुरूंनी चिंबल येथे आपला वेगळा कार्मेलाइट संघ काढला. युरोपीयांनी वंशावरून ज्यांस दार बंद केले, त्यांनी आपले दार उघडताना जात विचारली.

याच गोव्याच्या भूमीत १६१६ साली रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. मराठी ओवी आणि पुराणाची कथनरीती यांतून त्यांनी बायबलची कथा सांगितली. भाषा, छंद, अलंकार ही सर्व भोवतालच्या संस्कृतीची देणगी होती. पण तिच्यामुळे कोणी पंगतीतून उठविला गेला नाही. संस्कृतीचा स्वीकार आणि संस्कृतीमुळे येणारी विकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यास हा एक ग्रंथ पुरेसा आहे.

४

प्रॉटेस्टंट मिशनचा आरंभ १७०६ साली तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत झाला. त्सीगेनबाल्ग व प्ल्युचाऊ हे दोघे जर्मन धर्मोपदेशक लूथरच्या परंपरेतील होते. सर्व श्रद्धावंत हे देवापुढे याजक होत, हा त्या परंपरेचा मूलभूत सिद्धान्त. १७३३ साली आरोन या वेल्लाळर जातीच्या गृहस्थास दीक्षा देऊन पहिला देशी पाळक नेमण्यात आला. त्यानंतरच्या नेमणुकीच्या वेळी राजनायकन या परैयर उपदेशकाचे नाव पुढे आले. तंजावर प्रांतात त्याने केलेले कार्य निःसंशय मोठे होते. परंतु वरच्या जातीचे ख्रिस्ती त्याच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत, या भीतीने त्यास दीक्षा देण्यात आली नाही. १७४१ साली दुसऱ्याची निवड झाली. त्याच्या श्रद्धेविषयी वा योग्यतेविषयी कोणी शंका घेतली नव्हती. आड आला तो केवळ त्याचा हात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याने तंजावरास मंडळी वाढविली. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८-१८३२) हे त्याच्या देखरेखीखाली शिकले, आणि त्याच छत्राखाली वेदनायगम शास्त्री (१७७४-१८६४) हा वेल्लाळर ख्रिस्ती कवी वाढला. मराठी राजाने या तमिळ ख्रिस्ती कवीस आपल्या दरबारी आश्रय दिला. श्वार्ट्‌झच्या पिढीचे धोरण असे, की जातीचा आग्रह उपदेशाने हळूहळू शिथिल व्हावा, सक्तीने तोडू नये. उपासनेत जाती वेगवेगळ्या बसत.

१८२० च्या दशकात नवे मिशनरी आले आणि त्यांनी ही व्यवस्था मोडण्यास प्रारंभ केला. तेव्हा शास्त्री व त्यांचे सहकारी यांनी ज्या तक्रारी लेखी मांडल्या, त्या फार उद्बोधक आहेत. तमिळ बायबलचे जुने भाषांतर बदलले जात आहे. प्रभुभोजनात जातींची सरमिसळ केली जात आहे. विवाह व अंत्यविधी यांतील फुले व समारंभ बंद केले जात आहेत. आणि उपासनेतून तमिळ पदे व संगीत काढून टाकले जात आहे, असे चार मुद्दे त्यांत होते.

या चार तक्रारी एका रांगेत बसविणे ही शास्त्रींची चूक होती, आणि त्या एका रांगेत येतील असे वागणे ही मिशनऱ्यांची. फुलांचा हार आणि जातीची पंगत यांत शास्त्रींस फरक दिसला नाही, कारण दोन्ही त्यांच्या परंपरेचा भाग होती. मिशनऱ्यांसही तो दिसला नाही, कारण दोन्ही त्यांस सारखीच परकी होती. पदे गाणाऱ्या कवीच्या कंठातील गाणे आणि शेजाऱ्यास दूर बसविणारा अभिमान, ही दोन्ही एकाच झाडूने लोटण्याचा प्रयत्न झाला. साहजिकच अभिमानास गाण्याचे कवच मिळाले.

५

१८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांस पत्र लिहून कळविले, की जातिभेद निश्चितपणे, तत्काळ व कायमचा सोडला पाहिजे. त्यांचे पूर्वाधिकारी हीबर यांचा कल सौम्य धोरणाकडे होता. विल्सन यांस मध्यम मार्ग मान्य नव्हता. एका छताखाली, एका वेदीपाशी, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणे, ही त्यांनी कसोटी ठरविली. परिणाम तत्काळ दिसला. मद्रासजवळील वेपेरी व तंजावर येथील अनेक कुटुंबांनी मंडळी सोडली. १८३४-३५ च्या दौऱ्यात विल्सन स्वतः या ठिकाणी गेले. काही परत आले, पुष्कळ आले नाहीत.

जे गेले त्यांपैकी अनेकांस पुढे लाइपत्सिग मिशनच्या लूथरन मंडळीत आश्रय मिळाला. या मिशनचे संचालक कार्ल ग्राउल हे १८४९ ते १८५३ या काळात भारतात आले होते; तमिळ वाङ्मयाचे ते व्यासंगी अभ्यासक होते. जात ही नागरी संस्था आहे, म्हणून चर्चने ती कायद्याने मोडू नये, तर सुवार्तेच्या प्रभावाने ती विरघळेपर्यंत धीर धरावा, असे त्यांचे मत. अडीचशे वर्षांपूर्वी एका जेझुइटाने मांडलेला युक्तिवाद आता एका लूथरन पंडिताच्या मुखी आला होता. दोघांच्या पंथांत इतर जवळजवळ सर्व बाबतींत विरोध होता. या एका बाबतीत एकवाक्यता होती.

विल्सन यांचा पक्ष तत्त्वतः सरस होता यात संशय नाही. तथापि त्यांच्या स्वतःच्या देशातील चर्चचे चित्र येथे ध्यानात घेणे अवश्य आहे. त्या काळी इंग्लंडमधील अनेक चर्चमध्ये बसण्याच्या जागा भाड्याने दिल्या जात. प्रतिष्ठित घराण्यांची बाके राखीव असत आणि गरिबांनी मोफत ठेवलेल्या जागी बसावे अशी व्यवस्था होती. ही व्यवस्था भारतात आलेल्या इंग्रजास जातीसारखी वाटली नाही. परक्याच्या पंगतीतील भेद दिसतो. स्वतःच्या पंगतीतील भेद हा शिष्टाचार वाटतो. ग्राउल यांच्या सौम्यतेमागे काही अंशी हीच जाणीव होती असे म्हटले, तरी त्यामुळे राजनायकनला नाकारलेली दीक्षा योग्य ठरत नाही.

६

महाराष्ट्रातील अनुभव याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत व १८३१ साली अहमदनगरात सुरू झाले. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत महार समाजातून आलेल्या ख्रिस्त्यांची संख्या मोठी होती, आणि ब्राह्मण कुळांतून आलेले मोजके लोक त्यांच्यात येऊन मिळाले. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त स्वतःच्या सोवळ्याओवळ्याचा जो प्रामाणिक वृत्तान्त दिला आहे, तो या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा. ख्रिस्ती पतीच्या घरी राहूनही पाणी व स्वयंपाक वेगळा ठेवणारी ही स्त्री हळूहळू त्यातून बाहेर पडली, आणि मग १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. येथे अंतःकरण आधी बदलले, विधी नंतर झाला.

टिळकांनी भजन, कीर्तन, अभंग हे सर्व ख्रिस्ती उपासनेत आणले, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. मात्र या देशीपणाच्या आग्रहात जातीस त्यांनी जागा दिली नाही. तंजावरात जे एकाच गाठीत बांधले गेले होते, ते येथे सोडविता आले. याचा अर्थ महाराष्ट्रातील मंडळ्यांत जातीची जाणीव संपली असा नव्हे. महार व मांग समाजांतील ख्रिस्त्यांमधील अंतर अनेक गावी राहिलेच. परंतु भारतीय रूप व जातिभेद यांचा संबंध अपरिहार्य नाही, एवढे टिळकांच्या उदाहरणाने सिद्ध होते.

७

लौकिक व्यवस्थेचा युक्तिवाद शेवटी दगडविटांतही उतरला. तिरुनेलवेली प्रदेशातील वडक्कनकुळम येथे वेल्लाळर व नाडार या दोन्ही जातींचे कॅथॉलिक होते. १८७२ साली ज्या चर्चचा पाया घातला गेला, त्याची रचना अशी होती, की दोन वेगळी दालने एका कोनात येऊन वेदीपाशी मिळावीत. दोन्ही जातींस वेदी दिसे, पण एकमेक दिसत नसत. लोक त्यास विजारीच्या आकाराचे चर्च म्हणत. १९१० च्या सुमारास तेथील धर्माधिकाऱ्यांनी विभाजक भिंत काढून टाकली, तेव्हा वेल्लाळर पक्षाने न्यायालयात धाव घेतली. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथेही त्यांचा दावा टिकला नाही. चर्चमध्ये जातीचा हक्क नाही, हे मान्य करून घेण्यास ख्रिस्ती मंडळीस दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

स्वातंत्र्योत्तर काळात या युक्तिवादाने एक अनपेक्षित वळण घेतले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवला. शिखांतील काही जातींस त्यातच अपवाद होता. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध यांचा पूर्ण समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. १९८५ सालच्या सूसै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की धर्मांतरानंतरही पूर्वीच्याच तीव्रतेने हीनता भोगावी लागते हे पुराव्यानिशी दाखविले पाहिजे. या भूमिकेमागील गृहीतक असे, की जात ही एका विशिष्ट धर्मव्यवस्थेची निर्मिती आहे. म्हणून तो धर्म सोडणाऱ्यास ती लागू राहत नाही.

चर्चने तीनशे वर्षे म्हटले की जात लौकिक आहे, म्हणून ती आमच्या अधिकाराबाहेरची. राज्याने म्हटले की जात धार्मिक आहे, म्हणून ती ख्रिस्त्यास नाही. दोन्ही विधाने परस्परविरुद्ध आहेत, पण त्यांचा भार एकाच माणसावर पडला. ज्यास चर्चमध्ये मागे बसविले व दफनभूमीत वेगळी जागा दिली, त्यास चर्चबाहेर असे सांगण्यात आले की त्याची जात आता उरलेली नाही. भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाविषयी जे धोरण प्रसिद्ध केले, त्यात चर्चअंतर्गत जातिभेद व अस्पृश्यता यांची उघड कबुली आहे. १६२३ च्या निर्णयपत्रातील ती विनवणी जवळजवळ चार शतकांनी धोरणाच्या भाषेत पुन्हा करावी लागली.

८

या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. संस्कृतीच्या संपर्कावाचून कोणतीही श्रद्धा माणसांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून संपर्क हाच दोष मानणे चुकीचे होय. गोव्याच्या उदाहरणावरून दिसते, की सक्तीने लोकाचार उपटून काढल्याने जात निघत नाही. मदुरेच्या उदाहरणावरून दिसते, की सहिष्णुतेनेही ती आपोआप विरघळत नाही. दोन्ही ठिकाणी ती टिकली, कारण दोन्ही ठिकाणी धर्मसंस्थेच्या व्यवस्थापकांस तिची सोय होती.

विकृती कोठे सुरू होते याची खूण वेष, भाषा, छंद वा फुले यांत सापडत नाही. जेव्हा भोवतालचा लोकाचार हे ठरवू लागतो की मंडळीत कोणाच्या शेजारी कोण बसावे, कोणाच्या हातून भाकर घ्यावी आणि कोणाच्या ओठांस लागलेला प्याला नाकारावा, तेव्हा तो वेष राहत नाही. तो श्रद्धेचा आशय बनतो. आणि असा लोकाचार बहुधा 'हे केवळ लौकिक आहे' या निरुपद्रवी वाक्याच्या आडून आत येतो. करिंथकरांपाशीही याहून वेगळे उत्तर नसावे. यास्तव धर्मेतिहासाच्या अभ्यासकाने मंडळीच्या मतपत्रिकेइतकेच तिच्या पंगतीकडे लक्ष दिले पाहिजे. राजनायकनचे नाव तरंगमबाडीच्या कोणत्याही सिद्धान्तवादात येत नाही; परंतु तेथील मंडळीची श्रद्धा नेमकी काय होती, हे त्यास न मिळालेल्या दीक्षेवरून अधिक स्पष्टपणे कळते.